परभणीच्या फुटबॉल क्लबला नवं मैदान हवंय: मामांचं शेत घ्यावं का कॉलेजचं ग्राउंड?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं ना, की सध्याच्या मैदानावर दिवाळीनंतर बांधकाम सुरू होणार, साठ-सत्तर पोरं आहेत त्यात पंधरा-एक मुली, आणि समोर तीन पर्याय. गंगाखेड रोडला बारा किलोमीटरवर तुमच्या मामांची तीन एकर काळी जमीन फुकटात, नाहीतर गावातल्या कॉलेजचं ग्राउंड संध्याकाळचं, नाहीतर क्रीडा संकुल. आणि कमिटीतले बहुतेक जण शेताच्या मागं लागलेत कारण 'आपलं हक्काचं होईल'.

मी सरळच सांगतो भाऊ, शेत नका घेऊ. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणणाऱ्यांच्या गावात फुटबॉलला जागा मिळंना ही चेष्टाच आहे, पण म्हणून मिळंल ती जागा घ्यायची असं नसतं. मी जालन्याकडं बरीच वर्षं क्लब चालवायलोय, आणि जागा शोधणाऱ्या प्रत्येक क्लबाचं पहिलं स्वप्न हेच असतं, स्वतःची जमीन. बाकीचं नंतर बघू म्हणतात आणि बाकीच्यातच सगळं असतं.

पहिलं अंतर. बारा किलोमीटर बुलेटवाल्याला काहीच नाहीत. पण तुमची तेरा-चौदा वर्षांची पोरं सायकलवर नाहीतर चालत येतात, डिसेंबरात सहाला अंधार पडतो, आणि त्या रोडला ट्रॅक्टर-ट्रॉल्या, उसाच्या गाड्या. मैदान लांब गेलं की कोण गळतं ते मी बघितलंय, आधी मुली आणि मग ज्यांच्या घरी गाडी नाही ती पोरं, आणि बहुतेक वेळा तुमचे जीव तोडून खेळणारे तेच असतात. उरतात ते बापाच्या कारमधून येणारे, त्यांना क्लब नसला तरी टर्फ परवडतं. इंग्लंडमधल्या ब्रायटनचं माहीत असेल, आज प्रीमियर लीगमधे आहेत. त्यांचं जुनं गोल्डस्टोन ग्राउंड विकलं गेलं, १९९७ ला बाहेर पडावं लागलं, आणि पुढचे दोन सीझन त्यांनी 'घरच्या' मॅचेस शंभरेक किलोमीटर लांब जिलिंगहॅमला खेळल्या. मग १९९९ ला शहरातच परत आले ते विथडीन म्हणून एका ॲथलेटिक्स ट्रॅकवर, जिथं प्रेक्षक मैदानापासून कोसभर लांब बसायचे, आणि तसं २०११ पर्यंत काढलं, तेव्हा कुठं नवं स्टेडियम झालं. प्रोफेशनल क्लबानं बारा वर्षं अडचणीतलं ग्राउंड चालवून घेतलं पण गावातलं घेतलं, आणि तुमच्याकडं तर त्यांच्यासारखी बस भरून येणारी पब्लिक पण नाही.

आता जमीन. तीन एकर म्हणजे १२० गुंठे, ऐकायला लई वाटतात. पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटर धरलं तर ते ७१ गुंठ्यांच्या आसपास, कडेनं पाच-पाच मीटर मोकळे सोडले की नव्वद गुंठ्यांच्या जवळ. म्हणजे बसतं. पण आकार बघितला का? वाटण्या होऊन आपल्याकडं शेतांच्या पट्ट्या पडलेल्या असतात, लांबी तीनशे मीटर आणि रुंदी चाळीस. नियमात रुंदी कमीत कमी ४५ मीटर आणि लांबी ९० तरी लागते, मग तीन एकर असूनही मैदान बसणार नाही. आधी टेप घेऊन जा आणि रुंदी मोजा, बाकीची चर्चा नंतर.

आणि काळी माती. तुम्हाला काय सांगायचं, परभणीची माती आहे. पावसात फुगती, उन्हाळ्यात घोटा जाईल एवढ्या भेगा पडतात. जून ते सप्टेंबर वाफसा येईपर्यंत पाय ठेवता येत नाही, चार दिवस उघडीप मिळाली की पोरं बुटाला किलोभर चिखल घेऊन पळतात, आणि एप्रिल-मे मधे भेगांत पाय मुरगळून एखादं पोरगं वर्षभर घरी बसतं. मुरूम टाकू म्हणता ना, हिशोब करा. १०५ बाय ६८ वर फक्त सहा इंच थर द्यायचा तरी ३८५ ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आसपास जातो, दाबल्यावर बसतो म्हणून आणायचा त्याच्यापेक्षा जास्त. हायवा डंपरमधे पाच ब्रास धरले तरी पाऊणशेच्या वर खेपा झाल्या, वरून गौण खनिजाची रॉयल्टी तहसीलला भरा, पावत्या जपून ठेवा, रोलर आणा, पाणी मारा. आणि खालची काळी माती न काढता नुसता वर पसरला तर एक-दोन पावसाळ्यांत खालून चिखल वर यायला लागतो, म्हणजे आधी खोदून काढा आणि मग भरा. शिवाय बागायती होऊ शकणाऱ्या जमिनीत मुरूम टाकायलेत हे मामांच्या आईनं ऐकलं तर तुमचं त्या घरचं जेवण बंद.

पाण्याचा विषय तर कोणी काढतच नाही. गवताला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरा, आपल्या मे महिन्यात ते कमीच पडतं, तरी पूर्ण मैदानाला रोज पस्तीस हजार लिटरच्या वर लागतात. १२ हजारी टँकर धरला तर रोज तीन. एप्रिल २०१६ आठवा, लातूरला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीला दहा वॅगन आणि पाच लाख लिटर पाणी. ते सगळं पाणी तुमच्या एका मैदानाला दोन आठवडे पुरलं असतं. त्याच महिन्यात मुंबई हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्या म्हणून सांगितलं, कारण पिचवर पाणी मारायलेत आणि इकडं लोक हंडे घेऊन उभे. तुमच्या मामांचा बोअर मार्चमधे किती इंच चालतो ते विचारा. मराठवाड्यात हिरवंगार मैदान हे डोक्यातून काढून टाका, हरळी येऊ द्या. शेतकरी जिला शिव्या घालतो, खोदून खोदून निघत नाही, तीच आपल्या कामाची, उन्हाळ्यात वाळून जाती आणि पहिल्या दोन पावसात परत हिरवी. उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर सकाळी सहा ते आठ प्रॅक्टिस घ्या, माती उडू नये एवढंच पाणी मारा.

कागदाचं आता. मामा देतील, मनानं चांगले असतील, पण सातबाऱ्यावर एकट्या मामांचं नाव आहे का? भाऊ-बहिणींची नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि उद्या वाटणी झाली की मधोमध बांध पडतो. दुसरं, भोगवटादार वर्ग १ आहे का वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही अशी, ते बघा. आपल्याकडं निजामाच्या काळातल्या इनामी जमिनींचा घोळ अजून आहे, मदतमाश, खिदमतमाश असलं काही जुन्या फेरफारात दिसलं की थांबा आणि वकिलाला दाखवा. क्लबाच्या नावावर शेतजमीन विकत घ्यायची तर संस्थेला परवानगीशिवाय घेता येत नाही, भाड्यानं घेतली तरी वापर शेतीचा राहत नाही, मग अकृषिकचा प्रश्न येतो. कोणीतरी तुम्हाला गायरान पण सुचवंलच, सरपंच ओळखीचा आहे म्हणून. २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग केसमधे गावाच्या सामाईक जमिनींवरचे कब्जे काढा म्हणून सगळ्या राज्यांना सांगितलंय, त्यानंतर सरपंचाच्या तोंडी परवानगीवर गोलपोस्ट रोवणं म्हणजे स्वतःच्या हातानं अतिक्रमण करणं.

तर मग काय, कॉलेजचं ग्राउंड. पण प्राचार्यांनी 'या की, खेळा' म्हटलं एवढ्यावर जाऊ नका. प्राचार्य रिटायर होतात, बदलतात. माझ्या ओळखीच्या एका क्लबानं असंच तोंडी बोलण्यावर चांगली चार वर्षं काढली, नवीन साहेब आले आणि सोमवारी गेटला कुलूप, आत यांचे गोलपोस्ट. ग्राउंड संस्थेचं असतं, म्हणून पत्र संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांना द्या आणि संचालक मंडळाचा ठराव घ्या. वार आणि वेळ लिहून घ्या. लाईटबिल कोण भरणार ते घ्या, सबमीटर बसवलं तर भांडणच नाही. तुम्ही टाकलेला पोल, जाळी, गोलपोस्ट जाताना काढून नेता येईल हे वाक्य टाकाच. एक वर्षापेक्षा जास्तीचा भाडेकरार असंल तर रजिस्टर करावा लागतो, करा, खर्च होऊ द्या. बदल्यात त्यांना काय देणार तेही लिहा, म्हणजे कॉलेजची टीम आम्ही तयार करू, स्पोर्ट्स डेला ग्राउंड आखून देऊ. संस्थाचालकाला भाड्यापेक्षा पेपरात फोटो जास्त आवडतो हे आपल्यातच ठेवा.

आणि कॉलेजचं ग्राउंड म्हटलं की वर्षातले बरेच दिवस जाणार हे धरूनच चाला. परीक्षा, गॅदरिंग, निवडणुकीची सभा, सप्ताह, सगळे मोकळ्या ग्राउंडवरच येतात. मंडप उठल्यावर खुंट्यांचे खड्डे आणि खिळे राहतात, मुरमात दिसत नाहीत. दोरीला मोठं लोहचुंबक बांधून पूर्ण ग्राउंडवर ओढा, पोरांनाच लावा कामाला, दीड-दोन डबे खिळे निघतात. अशा दिवसांसाठी दुसरी जागा हाताशी पाहिजे. महापालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखड्याचा नकाशा बघा, खेळाच्या मैदानाचं आरक्षण असलेले प्लॉट कुठं आहेत ते कळतं. नव्या लेआउटमधे साधारण दहा टक्के खुली जागा सोडलेली असते, तिथं काटेरी झुडपं वाढलेली असतात. ४० बाय ३० मीटरचा तुकडा साफ केला तर दहा-बारा पोरांची पासिंगची, छोट्या गोलची प्रॅक्टिस मस्त होती, रोज पूर्ण मैदान लागतच नाही हे लोकांना पटत नाही. कॉलनीतल्या लोकांना आधी भेटा मात्र, त्यांची पोरं फुकट घ्या क्लबात, मग तक्रार येत नाही.

क्रीडा संकुल मॅचेससाठी ठेवा. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकच्या आत १०५ बाय ६८ बसतं, कोपऱ्यात एखादाच मीटर उरतो, पण बसतं. रोजच्या सरावाला तिथं नको, सकाळी चालणारे काका लोक, भालाफेक, गोळाफेक, भरतीची पोरं, सगळ्यांशी रोज वाद. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन महिन्यातले दोन रविवार मागा, पावती घ्या, आणि जिल्हा संघटनेला कळवा की आमचं होम ग्राउंड हे. संघटना विफाशी म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी संलग्न असती, पुढं लीग-बिग खेळायची तर तिथूनच जावं लागतं. आणि क्लब अजून रजिस्टर नसंल तर ते सगळ्याच्या आधी, धर्मादाय आयुक्त कार्यालयात, सात सभासद लागतात. ना संस्था ना बँकेचं खातं, अशा ग्रुपला कोणी ठराव करून जागा देत नाही.

राहिलं हक्काचं. कोल्हापूरला जा एकदा, पाटाकडील, दिलबहार, शिवाजी मंडळ, एवढे मोठे संघ, मोठ्या मॅचेस सगळ्यांच्या एकाच शाहू स्टेडियमवर. हक्काची आहे ती तालीम, पेठेतली. पोरगं शाळा सुटली की तिथं जाऊन बसतं, कप तिथंच, भांडणं तिथंच. तुम्हाला पण तशी एक खोली पाहिजे, ग्राउंडच्या जवळ, चालत जाण्याएवढी. बॉल आणि बिब (सरावात टीम ओळखायला घालतात ती रंगीत बंडी) ठेवायला कपाट, पाण्याची टाकी, मुलींना कपडे बदलायला आतून कडी लागणारी जागा आणि संडास. शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर पंधरा मुलींच्या पाच होतील, बाकी कितीही चांगलं कोचिंग द्या. शटरवाली खोली भाड्यानं मिळती, मैदान तयार करायच्या खर्चात अशा खोलीचं कितीतरी वर्षांचं भाडं निघंल.

मामांना नाही म्हणू नका मात्र. एवढी जमीन फुकट द्यायला निघालेला माणूस आहे, त्यांना क्लबचे अध्यक्ष करा, खोलीचं भाडं नाहीतर गोलपोस्टचा खर्च मागा, खुशीनं देतील आणि त्यांची ज्वारी पण वाचंल. गोलपोस्ट वेल्डिंगवाल्याकडून करून घेताना आतलं माप ७.३२ बाय २.४४ मीटर सांगा. हलवता येणारे केले तर मागच्या पाइपाला जमिनीत पक्कं अडकवायची सोय करा, नुसते उभे ठेवू नका, पोरं लटकतात आणि लोखंडी पोस्ट अंगावर येतो. कॉलेजवाल्यांना पत्र द्यायच्या आधी मसुदा पाठवा, बघून देतो.