एमजीबी की लेक्सस: तुझ्या प्रश्नाचं उत्तर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गाड्यांचं काम शिकायला जुनी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार धरू की पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी हायब्रिड लेक्सस, असं विचारलंस. आधी एक कर. 'जुनी गाडी जिवंत, नवी म्हणजे डबा' हे आपल्या गॅरेजमधलं पालुपद विसर. असं म्हणणाऱ्यांनी त्या डब्याचा गिअरबॉक्स कधी उघडून बघितलेला नसतो.

सुरुवात मात्र एमजीबीपासूनच. १९६२ ची, इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनची. १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारे). पहिला महिना फक्त कान तयार कर. एअर फिल्टर काढ, रबरी नळीचं एक टोक कानाला लाव, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धर, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा फुसकारा सारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरव. मग मिक्स्चर, म्हणजे हवेत पेट्रोल किती ते. कार्बोरेटरच्या पिस्टनखालची पिन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचल. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडायला लागलं तर कमी. किंचित वाढून जागेवर आली की हात काढ.

आणि हो, १९६७ च्या आधीच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. मी सवयीने मायनस जोडला. मालकाचा रेडिओ गेला, माझा दोन महिन्यांचा पगारही.

तो रेडिओ लक्षात ठेवून लेक्ससकडे, म्हणजे ईएस ३००एचकडे जा. तिच्यात क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, आल्टर्नेटरही नाही. आहे तो एक प्लॅनेटरी गिअरसेट: मधल्या चाकाभोवती छोटी दातेरी चाकं, त्यांच्याभोवती दातेरी रिंग. मधल्या सन गिअरला एक मोटर, छोटी चाकं धरणाऱ्या कॅरिअरला इंजिन, बाहेरच्या रिंगकडे दुसरी मोटर आणि चाकं. पहिल्या मोटरचा वेग बदलला की इंजिन आणि चाकांचा हिशोब बदलतो. दात कायम एकमेकांत अडकलेले, तरी गाडी कुठेही अडखळत नाही. एमजीबीच्या गिअरबॉक्सपेक्षा मला हे काम देखणं वाटतं. (आमच्या वयाच्या मिस्त्रींसमोर बोलू नकोस.) शिवाय सतराशे किलोच्या आसपास वजन असूनही ती त्या हजाराच्या आतल्या स्पोर्ट्स कारला सिग्नलवरच मागे टाकते.

पण इथे कानावर विसंबू नकोस. 'रेडी' दिवा लागलेला असेल तर गप्प उभी गाडीही चालूच आहे, इंजिन कधीही सुरू होईल. नारिंगी केबलमध्ये शेकड्यांनी व्होल्ट असतात. रीतसर प्रशिक्षण होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, फक्त बघायचं: गाडी बंद, चावी लांब, बारा व्होल्टची मायनस सुटी, मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात, दहा मिनिटं थांबणं, मीटरवर शून्य. पाना त्यानंतर.

रबरी नळी कपाटाच्या खालच्या खणात आहे. नारिंगी केबलच्या कामाचे, विजेपासून वाचवणारे रबरी हातमोजे वरच्या. ते घालायची वेळ येईल तेव्हा दरवेळी आधी फुगवून बघ, कुठून हवा सुटली तर टाकून दे आणि नवे मागव. पैसे मी देईन.

तुझा,
काका