मुंबईत लोअर परळच्या कापड गिरण्यांच्या जागी रेस्टॉरंटं आणि पब कसे आले?

सुरुवात १९८२ च्या संपापासून. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट उभ्याच राहिल्या नाहीत. पण माझ्या मते निर्णायक ठरले ते जमिनीचे नियम. १९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण मंडळाला), उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आवारातल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणगावाचा, म्हणजे या गिरणी कामगारांच्या भागाचा, हक्काचा वाटा तिथेच आटला.

फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि पब आले. तिथे गेलात तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता आधी बघून ठेवा. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जणांचा जीव गेला.