फवारणी पंपाच्या बॅटरीला दुसऱ्या पंपाचा चार्जर चालेल का?

पंपाचा चार्जर जळाला, भावाच्या पंपाचा 12 व्होल्टचा चार्जर घरात आहे, पिनही बसते, मग लावू का, असं तुम्ही विचारलंय. आधी दोन्ही पंपांत बॅटरी कुठली आहे, शिशाची की लिथियमची, ते बघा. तोवर लावू नका.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. बागेला ट्रॅक्टरचा ब्लोअर, पण बांधाकडच्या वांगी-मिरचीला पाठीवरचा बॅटरी पंप. त्याची शिशाची बॅटरी बसली तेव्हा एका दुरुस्तीवाल्याकडून लिथियमचा पॅक टाकून घेतला. पंप हलका झाला म्हणून खूश होतो. चार्जर मात्र जुनाच. त्यावरही 12 व्होल्ट, पॅकवरही 12 व्होल्ट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी शेडमध्ये गोडसर, थिनरसारखा वास आला. पंपाच्या बुडाला हात लावला तर चटका बसला, आणि चार्जरचा दिवा अजून लालच. बटण बंद केलं, प्लग काढला, पंप अंगणात नेऊन ठेवला. सकाळी उघडून बघितलं तर पॅकचं निळं वेष्टण एका कोपऱ्यात आकसून सेलला चिकटलेलं. जादा चार्जिंग तोडणारं बीएमएस सर्किट आत नव्हतंच. शेजारी द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी आणलेल्या गंधकाच्या पिशव्या होत्या. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

घोळ त्या 12 आकड्यात आहे. ते नुसतं नाव. शिशाच्या बॅटरीत 2 व्होल्टचे सहा सेल असतात आणि तिचा चार्जर साधारण 14.4 व्होल्टपर्यंत चढतो. लिथियम-आयनच्या तीन सेलच्या पॅकची हद्द 12.6, म्हणजे सेलला 4.2. त्याला शिशाचा चार्जर लावला की सेलमागे 4.8 पर्यंत ढकलतो. चांगलं बीएमएस मध्ये तोडतं, पण रोज त्याच्याच भरवशावर राहायचं नाही. उलट शिशाच्या बॅटरीला 12.6 चा चार्जर लावला तर धोका कमी, पण ती कधीच पुरती भरत नाही आणि प्लेटांवर सल्फेट धरून लवकर जाते. लिथियम फॉस्फेटचा चार सेलचा पॅक आणखी वेगळा, त्याला 14.6 लागतात.

लेबल पुसलं असेल तर बॅटरी हातात घ्या. 8 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) शिशाची असेल तर अडीच किलोच्या आसपास भरते, लिथियमची किलोच्या आत.

दोन्हीकडे शिशाचीच निघाली तर अँपिअर बघा. 8 एएचला 1.7 अँपिअरचा चार्जर ठीक, पाच-सहा तास घेईल. कमी अँपिअरचा असला तर वेळ जास्त लागेल, एवढंच. 4-5 अँपिअरचा मात्र नको, बॅटरी तापून फुगते. मग मल्टिमीटरने पिनचं प्लस-मायनस तपासा. पिन बसली म्हणजे तारा जुळल्या असं नाही. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्टेज दाखवतच नाहीत, तेव्हा शून्य दिसलं म्हणून फेकून देऊ नका. राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर किंवा लॅपटॉपचा 19 व्होल्टचा, दोन्ही लावायचे नाहीत.

पहिल्यांदा लावाल तेव्हा दिवसा, उघड्यावर, औषधं-गंधकापासून लांब लावा, आणि दर अर्ध्या तासाने बॅटरीला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववेना झाला की काढा. दोन्ही लेबलांचे फोटो टाकलेत तर बघून सांगतो.