नव्या सायकलवरचा ओरखडा: बदलून मागावी की ठेवून घ्यावी?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात मी शहरातील एका दुकानातून स्वतःसाठी गिअरची सायकल घेतली. बिल साधारण 22,000 रुपयांचे झाले. दुकानात गर्दी होती, संध्याकाळची वेळ होती, त्यामुळे उंची, सीट आणि ब्रेक एवढेच पाहून मी सायकल घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात पाहते तर वरच्या दांड्याच्या बाजूला, हँडलपासून वीतभर अंतरावर, नखाएवढ्या जागेतला रंग उडालेला आणि आतला पांढुरका धातू उघडा पडलेला दिसला. त्याच्या शेजारी दोन बारीक ओरखडेही आहेत. दुकानदारांना फोन केला तर ते म्हणाले, "चार दिवस चालवली की असे ओरखडे येणारच, सायकलला काही होत नाही." घरच्यांचेही म्हणणे आहे की एवढ्याशा गोष्टीवरून वाद नको. मला मात्र सायकलकडे पाहिले की आधी तोच डाग दिसतो. ही सायकल कोणी वापरलेली किंवा कुठे पडलेली तर नसेल ना? पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्याने फेरी मारण्याचा विचार आहे, तेव्हा तिथे गंज चढेल का? बिलावर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापलेले असताना सायकल बदलून मागता येते का?
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्याला जे खटकले आहे ते योग्यच आहे. आपण नव्या वस्तूची किंमत मोजली आहे आणि चालवताना पुढे पडणारे ओरखडे वेगळे, विकण्याआधीच पडलेला ओरखडा वेगळा. पहिल्याची जबाबदारी आपली, दुसऱ्याची विकणाऱ्याची. दुकानदारांचे वाक्य पहिल्या प्रकाराला लागू पडते, आपल्या तक्रारीला नाही. मात्र बदलून मागायची की नाही हे ठरवण्याआधी तो डाग कशाने पडला असेल याचा अंदाज घ्यावा, आणि तो अंदाज डाग किती मोठा आहे यापेक्षा कुठे आहे यावरून अधिक चांगला येतो.

सायकल दुकानात येते ती बहुधा पुठ्ठ्याच्या खोक्यात, अर्धवट जोडलेल्या स्थितीत. पुढचे चाक काढून फ्रेमच्या बाजूला बांधलेले असते, हँडल सैल करून वरच्या दांड्यालगत वळवलेले असते आणि पायडल वेगळ्या डबीत असतात. दांड्यांवर फोमच्या नळ्या किंवा पुठ्ठा गुंडाळून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळलेल्या असतात. यातली एखादी नळी जागची सरकली की ट्रकच्या शेकडो किलोमीटरच्या हादऱ्यांत ब्रेकचा दांडा किंवा चाकाच्या अ‍ॅक्सलचे टोक एकाच जागी रंगावर घासत राहते. असे ओरखडे आखूड असतात, एकमेकांशेजारी असतात आणि वरच्या किंवा खालच्या तिरक्या दांड्याच्या बाजूला सापडतात. आपण केलेले वर्णन याच्याशी जुळते, म्हणून हा डाग वाहतुकीतला असावा असे मला वाटते.

पडलेल्या सायकलच्या खुणा वेगळ्या जागी असतात. सायकल आडवी झाली की आधी जमिनीला लागतात ती बाहेर आलेली टोके: हँडलच्या मुठीचा शेवट, ब्रेकच्या दांड्याचे टोक, सीटची कड, पायडलची बाहेरची बाजू आणि उजवीकडे मागचा गिअर, म्हणजे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग. या जागा हाताने चाचपून पाहाव्यात. उजवीकडच्या जागा खरवडलेल्या आढळल्या तर सायकलच्या मागे उभे राहून पाहावे की गिअरची दोन छोटी चाके वरच्या दातेरी चक्राच्या सरळ रेषेत खाली येतात की आत, स्पोककडे, झुकलेली आहेत. हा गिअर ज्या लहानशा पट्टीवर बसवलेला असतो ती अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर मुद्दाम नरम ठेवतात, जेणेकरून धक्का बसला तर फ्रेमऐवजी ती वाकावी. ती वाकलेली असेल आणि चढावर सर्वांत हलका गिअर टाकला तर गिअर स्पोकमध्ये अडकू शकतो. तशी शंका आली तर प्रश्न रंगाचा राहत नाही आणि सायकल न चालवता दुकानात न्यावी.

सायकल वापरलेली होती का, याचे उत्तर टायर बऱ्यापैकी देतात. नव्या टायरवर साच्यातून निघताना राहिलेली रबराची बारीक केसांसारखी टोके असतात आणि रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या पट्ट्यावरची ती टोके थोड्याच किलोमीटरमध्ये झिजून जातात. गिऱ्हाइकांनी दुकानासमोर मारलेल्या चकरांनीही ती काही प्रमाणात जातात, त्यामुळे एवढ्यावरून आरोप करू नये. मात्र मधला पट्टा गुळगुळीत, साखळीवर काळा मळ आणि पायडलच्या कडा घासलेल्या असे तिन्ही एकत्र दिसले तर विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. त्याच वेळी सायकल उलटी करून पायडलच्या अ‍ॅक्सलखाली कोरलेला फ्रेम नंबर वाचावा आणि तो बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर आहे का ते पाहावे. नसेल तर तो लिहून घ्यावा. पुढे कोणतीही तक्रार करताना, सायकल चोरीला गेली तरीही, तोच उपयोगी पडतो.

आता डागाकडे. ओल्या फडक्याने जागा पुसून टॉर्चचा उजेड बाजूने तिरका टाकावा आणि वरून नख हलकेच फिरवावे. रंगाचा टवका उडालेला असेल तर नखाला रंगाची कड लागते आणि आतला धातू सपाट लागतो. तडा असेल तर तो केसासारखा बारीक असतो, रंगाच्या आत धातूतही जातो, आणि तो बहुधा दोन नळ्या जिथे वेल्डिंगने जोडलेल्या असतात त्या जोडाजवळ सापडतो. आपला डाग हँडलकडच्या जोडापासून वीतभर दूर आहे ही दिलाशाची गोष्ट आहे. तरीही बोटाने पोचा लागतो का ते जरूर पाहावे, कारण चांगल्या फ्रेमच्या नळ्या वजन वाचवण्यासाठी मधल्या भागात पातळ केलेल्या असतात आणि तिथला खोलगट पोचा रंगाच्या डागाइतका किरकोळ मानता येत नाही. पोचा किंवा तडा यांपैकी काहीही आढळले तर तडजोड करू नये, सायकल बदलूनच मागावी. आपल्या नजरेची खात्री वाटत नसेल तर सायकलमधले जाणकार शोधायला नाशिकमध्ये वणवण करावी लागत नाही. 2015 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण करणारे डॉ. महाजन बंधू याच शहरातले, आणि पहाटे गंगापूर रस्त्याला भेटणाऱ्या अनुभवी सायकलस्वारांपैकी कोणीही दोन मिनिटे थांबून फ्रेम पाहून देईल.

गंजाचे उत्तर घरातल्या फ्रिजवरचा लोहचुंबक देईल. तो फ्रेमला चिकटला नाही तर फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आहे, आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे स्वतःच एक पातळ, घट्ट थर बसतो जो आतल्या धातूचे रक्षण करतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तोही हळूहळू खराब होतो, पण ती अडचण नाशिकला नाही. त्र्यंबकच्या पावसात भिजूनही तिथे तांबडा गंज येणार नाही. चुंबक चिकटला तर मात्र फ्रेम पोलादाची आहे. पोलादावरचा गंज उघड्या जागेपुरता थांबत नाही, तो कडेच्या रंगाखाली सरकतो आणि पोपडे सुटू लागतात, म्हणून पावसाळ्याआधी ती जागा झाकायलाच हवी. पुष्कळ सायकलींची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि पुढचा फोर्क पोलादाचा असतो, तेव्हा चुंबक दोन्हीकडे लावून पाहावा.

बिलावरच्या त्या छापील ओळीला घाबरू नये. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष वस्तूची व्याख्या बरीच व्यापक आहे. वस्तूच्या दर्जातली उणीव किंवा अपूर्णता तिच्यात येते. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मन बदलले म्हणून सायकल परत करणाऱ्याला ती ओळ दाखवता येईल, दोष दाखवणाऱ्याला नाही. दुकानदार अडूनच बसले तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. मात्र नखाएवढ्या डागासाठी आयोग पूर्ण सायकल बदलून देण्याचाच आदेश देईल असे गृहीत धरू नये. दुरुस्ती किंवा भरपाईचाही आदेश होऊ शकतो. म्हणूनच ही गोष्ट दुकानाच्या काउंटरवर मिटावी यासाठी मनापासून प्रयत्न करावा असे मला वाटते.

तो प्रयत्न आजच करावा, कारण उशीर झाला की डाग आपल्याकडेच पडला असे म्हणायला वाव मिळतो. डागावर स्वतः काहीही लावू नये. दिवसाच्या उजेडात डागाचा जवळून, पूर्ण सायकलचा आणि फ्रेम नंबरचा असे फोटो काढून ते दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींच्या तक्रारीसह पाठवावेत आणि मग सायकल घेऊन स्वतः जावे. दुकानदारांनी हा डाग पाडलेला नसण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि खोक्यातले नुकसान असेल तर तेही वितरकाकडे भरपाई मागू शकतात, पण त्यासाठी त्यांनाही वेळेवर कळायला हवे. बोलण्याचा सूर असा ठेवला तर पुष्कळदा काम होते.

मागणी काय करावी? याच मॉडेलची, याच मापाची न उघडलेली सायकल त्यांच्याकडे असेल तर बदलून मागावी, आपली सायकल अजून नवीच आहे. नसेल, आणि दुसरे माप किंवा दुसरे मॉडेल पुढे केले जात असेल, तर मी आपल्या जागी असते तर हीच सायकल ठेवून घेतली असती. अंगाला बरोबर बसणारी सायकल नखाएवढ्या रंगासाठी सोडू नये. मात्र ती फुकटात ठेवून घेऊ नये. किमतीत काही सूट, किंवा त्याऐवजी चांगले कुलूप आणि दिवे, पहिल्या सर्व्हिसच्या वेळी रंग लावून देण्याचे आश्वासन, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिलाच्या प्रतीवर "वरच्या दांड्यावर रंग उडालेला, विक्रीच्या वेळचा" असे लिहून सही, एवढे आवर्जून घ्यावे. कंपन्यांच्या वॉरंटीत बहुधा फ्रेमचा निर्मितीदोष धरतात आणि रंग वगळतात. उद्या त्याच दांड्यात खरोखर काही बिघाड झाला तर हा डाग दाखवून "सायकल आपटली आहे" असे कोणी म्हणू नये, यासाठी ती सही हवी.

रंग स्वतःच लावायची वेळ आली तर जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करावी आणि जवळच्या छटेचे नेलपेंट पातळ हाताने दोन-तीन थरांत लावावे, प्रत्येक थर वाळू देऊन. एकच जाड थर दिला तर तो फुगवट्यासारखा दिसतो आणि लवकर निघतो. फ्रेमचा रंग मॅट असेल तर नेलपेंटची चकाकी डागापेक्षाही उठून दिसते, अशा वेळी नुसती पारदर्शक चिकटपट्टी बरी. तीच पट्टी हँडलजवळ ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल फ्रेमला जिथे टेकतात तिथेही लावावी, कारण हँडल वळताना त्या केबल रंग खातात.

प्रश्न : मुलाच्या नव्या सायकलच्या पुढच्या शॉकच्या चकचकीत नळीवर बोटाच्या पेराएवढा चरा आहे. दुकानदार म्हणतात, तो दिसण्यापुरता आहे. हे मान्य करावे का?
एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : मान्य करू नये. ती नळी खड्ड्यांवरून जाताना सतत रबरी सीलमधून आत-बाहेर सरकते. चऱ्याची धारदार कड सील कापते, मग पाणी आणि धूळ आत जाते, तेलाचा शॉक असेल तर तेल गळू लागते. नख आडवे फिरवून पाहावे. ते अडकत असेल तर शॉक बदलून मागावा आणि तोपर्यंत पॉलिश पेपर अजिबात मारू नये, नाहीतर नळीवरचा मुलामाही जाईल आणि दुकानदारांना नकार द्यायला निमित्त मिळेल. नख अडकत नसेल तर चऱ्याचा फोटो बिलासोबत ठेवावा, दुकानदारांना लेखी कळवावे आणि महिनाभर प्रत्येक फेरीनंतर नळीवर तेलाचे कडे उमटते का ते पाहावे. कडे दिसले तर सायकल लगेच दुकानात न्यावी.