थंडी दिलेले हायसिंथ मागवू नका, कोरडे घ्या आणि घरीच थंड करा

बोरिवलीच्या ताई, तुम्ही लिहिलंय की ‘थंडी दिलेले’, म्हणजे विकणाऱ्याने आधीच काही आठवडे गारव्यात ठेवलेले म्हणून मागवलेल्या हायसिंथच्या कंदांना पानं छान फुटली, पण मधला फुलांचा तुरा तपकिरी पडून सुकला. वाचून जीव हळहळला, कारण माझ्याकडे हेच झालं होतं. पाणी, कुंडी, खत यांत कारण शोधत बसू नका. उरलेल्यांपैकी एक कंद शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरून बघा. पापुद्रे पांढरे, रसरशीत आणि मधोमध इवलासा तुरा मात्र कोरडा, चहाच्या चोथ्यासारखा दिसला, तर बहुधा तो कंद तुमच्या हाती येण्याआधीच गेला होता.

हायसिंथचा तुरा कंदाच्या पोटात उन्हाळ्यातच तयार झालेला असतो. दांडा नीट वर यायला त्याला 10 ते 14 आठवडे, साधारण 5 ते 9 अंशांची थंडी लागते. पण ती मिळालेला कंद पुन्हा भरपूर तापला की आतली कळी करपते. माझा खोका ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात पडून राहिला. मी सारखा फोन करून सांगत होतो, आत जिवंत माल आहे, पत्ता द्या, मी स्वतः येऊन नेतो. उत्तर एकच: ‘सिस्टीममध्ये आउट फॉर डिलिव्हरी दाखवतंय.’ शेवटी माणूस दारात आला, तर ओटीपी दिल्याशिवाय खोका उघडू देईना. ओटीपी दिला, उघडला, आत कुबट वास आणि कंदांच्या बुडाशी हिरवट बुरशी. ऑफिसात गेलो तर म्हणे, ‘माल ताब्यात घेतलात, आता तक्रार बसत नाही.’ विकणारा कुरिअरकडे बोट दाखवतो, कुरिअर विकणाऱ्याकडे. पैशांचं सोडा, हे फूल वर्षातून एकदाच लावता येतं आणि तो अख्खा मोसम हातचा गेला, याचा राग अजून जात नाही.

म्हणून माझं ठाम मत: मुंबईत थंडी दिलेले कंद पोस्टाने किंवा कुरिअरने मागवूच नयेत. नर्सरीवाले नाराज होतील, होऊ देत. पुण्या-नाशिकच्या मंडळींचा अनुभव वेगळा असू शकतो, मी फक्त आपल्या दमट हवेबद्दल बोलतोय. थंडी न दिलेले, कोरडे, हाताला टणक आणि जड लागणारे कंद घ्या. भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत घालून ऑक्टोबरच्या मध्यावर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये नाही. त्या फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, चिकू, आंबा यांतलं काही नको, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतल्या कळीचा घात करतो. पालेभाजी चालते. एकत्र कुटुंबात हे जमवणं कठीण, मला कल्पना आहे. जमलं तर जुना छोटा फ्रिज वेगळा ठेवा. फळवाल्या फ्रिजमध्ये ठेवायचे असतील तर मी म्हणेन लावूच नका.

जानेवारीत बाहेर काढलेत की मुंबईतले त्यातल्या त्यात गार दिवस मिळतात. काचेच्या भांड्यात लावणार असाल तर पाणी कंदाच्या बुडाच्या किंचित खाली असू द्या, टेकलं की कुजतो. उत्तरेकडच्या खिडकीत ठेवा, एसीच्या थेट झोतात नको. फूल उघडून दांडा मात्र आखूड, पानांतच अडकलेला राहिला, तर थंडी कमी पडली असं समजा. फुलून गेलेला कंद पुढच्या वर्षासाठी जपू नका, आपल्याकडे तो पुन्हा फुलत नाही. कंद हाताळताना हातमोजे घाला, त्याने खाज सुटते. घरात मांजर-कुत्रं असेल तर त्यांच्यापासून दूर ठेवा, पोटात गेला तर विषारी आहे.

एवढा खटाटोप नको असेल तर पांढरा पेपरव्हाइट नार्सिसस लावा. त्याला थंडी द्यावी लागत नाही. वास मात्र उग्र, बंद खोलीत काहींना सोसत नाही. आणि सोसायटीच्या बागेत, जमिनीत लावायचं असेल तर हायसिंथचा नाद सोडून मार्च-एप्रिलमध्ये निशिगंधाचे कंद लावा. वसंतात नाही, पावसाळ्यात फुलेल, पण पाणी साचू दिलं नाही तर मुंबईत खुशीत वाढतो. घेताना एकेरी पाकळ्यांचाच घ्या, ‘फुले रजनी’ किंवा ‘प्रज्वल’ जातीचा. दुहेरी दिसायला भरगच्च असतो, वास एकेरीलाच जास्त.