कॉन्टेसा घेऊ की इलेक्ट्रिक?

प्रश्न : शाळेपासून हिंदुस्थान मोटर्सच्या जुन्या कॉन्टेसा गाडीचं वेड. आता पैसे जमले, तर मुलगी म्हणते, "बाबा, इलेक्ट्रिकच घ्या." रोज महाल भागातून बुटीबोरीला जातो. काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, रोजच्या बुटीबोरीसाठी मुलीचं ऐका. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. रात्री घरी चार्जिंगला लावली की झालं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, की तापल्या गाडीला लगेच फास्ट चार्जर लावू नका. बॅटरी जपायला गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, तुम्ही घाम पुसत बसाल.

आता तुमची कॉन्टेसा. १९८४ ला आली, २००२ ला बंद झाली. म्हणजे सर्वांत नवीसुद्धा वीस वर्षांवरची. घ्यायचीच तर १८०० सीसीच्या इसुझू इंजिनाची बघा. आधीचं १५०० सीसीचं इंजिन ते धूड ओढता ओढता दमायचं. फ्लोअरचा पत्रा खालून ठोकून पाहा, रंगावर भाळू नका. आरसीची (गाडीच्या नोंदणीची) मुदत, नूतनीकरण आधी तपासा. सुटे भाग शोधत फिरावं लागेल, आणि तुमच्यासारख्यांना त्यातच मजा येते, हे मला ठाऊक आहे! मलाही बिनआवाजाची गाडी अजून रुचत नाही. पण कॉन्टेसा रविवारपुरती, तीही सावलीत उभी करायला दुसरी जागा असेल तरच.