लंडनमध्ये लावलेले मास्टर घड्याळ गोव्यात मागे का पडते?

लंडनहून आणलेले सिंक्रोनोम या ब्रिटिश कंपनीचे मास्टर (मुख्य) घड्याळ आणि त्याला जोडलेली दोन दुय्यम घड्याळे पणजीच्या घरात रोज साधारण दोन मिनिटे मागे पडतात, तेव्हा विद्युतचुंबकाची कॉइल (तारेचे वेटोळे) बदलावी का, असे आपण विचारले आहे. कृपया कॉइलला हात लावू नका. ती निर्दोष असावी.

या यंत्रात लंबक दर दोन सेकंदांनी पंधरा दात्यांचे चाक एक दाता पुढे ओढतो. अर्ध्या मिनिटात चाकाचा फेरा पूर्ण झाला की अडकवलेला वजनी दांडा सुटतो, लंबकाला हलकासा रेटा देतो आणि खाली येऊन विजेचे मंडल जोडतो. त्याच क्षणी विद्युतचुंबक दांडा पुन्हा वर फेकतो आणि एकाच मालिकेत जोडलेली सर्व दुय्यम घड्याळे अर्धे मिनिट पुढे सरकतात. ती वेळ मोजत नाहीत, केवळ ठोके मोजतात. मालिकेत कोठेही तार तुटली असती तर सर्वच थांबली असती आणि एखाद्याचीच यंत्रणा अडखळत असती तर त्या दोघांत फरक पडला असता. दोन्ही सारखीच मागे पडतात, म्हणजे लंबकच सावकाश झुलतो आहे.

याचे कारण गोव्याचे अक्षांश आहे. विषुववृत्ताकडे येताना गुरुत्वाकर्षण किंचित घटते आणि लंबक सावकाश झुलतो. लंडन व पणजी यांतील फरकाचा हिशेब केला तर लंडनमध्ये अचूक लावलेला लंबक येथे दिवसाला सुमारे 124 सेकंद मागे पडतो. आपण सांगितलेला आकडा याच्याशी इतका जुळतो की मला दुसरे कारण शोधावेसे वाटत नाही. (हाच अनुभव फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे यांना 1672 मध्ये दक्षिण अमेरिकेतील, विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे आला होता आणि त्यांना लंबक आखूड करावा लागला होता.)

अशा सेकंदाच्या (एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेणाऱ्या) लंबकाची प्रभावी लांबी सुमारे 994 मिलिमीटर असते. ती येथे जवळजवळ 3 मिलिमीटरने कमी करावी लागेल. लंबक थांबवून, दांडी एका हाताने स्थिर धरून, गोळ्याखालचा नट फिरवा आणि गोळा वर घ्या. दांडी पिळली गेली तर वरची पातळ टांगणपट्टी मोडू शकते, म्हणून येथे घाई नको. नंतर निदान आठवडाभर वेळ नोंदवावी आणि उरलेला सेकंद-दोन सेकंदांचा फरक नटाने न काढता दांडीवरील तबकडीत लहान वजने ठेवून काढावा. वजन वाढवले की घड्याळ पुढे जाते. आपल्याकडील खाऱ्या, दमट हवेत टांगणपट्टी गंजते, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी ती अवश्य तपासावी.